मिरज ते माहीम, गळत गळत

पालघरकडे जाऊन काय काय बघितलंत, असं परत आल्यापासून मला जो तो विचारतो. समुद्र बघितला. पानवेलींच्या वाड्या बघितल्या, खिंडीतला वाघोबा बघितला. पण खरं सांगायचं तर या तीन दिवसांत मी सगळ्यात जास्त वेळ बघितली ती एका लाल मोटारीच्या डॅशबोर्डची खालची बाजू. उताणी पडून, टॉर्च तोंडात धरून. तेव्हा स्थळवर्णनाच्या अपेक्षेने कोणी वाचत असेल तर आधीच माफी मागते.

मोटार आमच्या विनायकरावांची. हे गणिताचे निवृत्त प्राध्यापक. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, योगासनं करतात. यांनी एका डॉक्टरांच्या शेडमधून एक जुनी स्पोर्ट्स कार उचलून आणली. इंग्लंडात बनलेली, दोन दारांची, कापडी टपाची, आणि बसायला दोनच माणसं. त्या शेडमध्ये तिच्यात कोंबड्या राहायच्या. अकरा वर्षं यांनी ती खोलली, धुतली, जोडली. शेजारी इंग्रजी मॅन्युअल उघडं. झालेल्या प्रत्येक कामापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण. अकरा वर्षांत त्या गाडीला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालला नाही. मी एकदा बॉनेटवर चहाचा कप ठेवला होता, तो विषय आमच्याकडे अजून निघतो.

गाडी तयार झाली आणि माहीमहून भालचंद्रचा फोन आला. मुंबईचं नव्हे, पालघरजवळचं, केळव्याच्या शेजारचं माहीम. भालचंद्र म्हणजे यांचा सांगलीच्या वसतिगृहातला जोडीदार, आता तिकडे वाडी करतो. वहिनी जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि एकाहत्तराव्या वर्षी तो लग्न करत होता. मुलगी बोईसरची. मुलगी साठ वर्षांची.

"विन्या," तो फोनवर ओरडला, "नवरीला तुझ्या गाडीतनं आणायची. मी तिला शब्द देऊन बसलोय. तिनं लग्नात दुसरं कायसुद्धा मागितलं नाय."

झालं. मिरज ते मनोर हा प्रवास मी गाळते. आमच्या पुढच्या प्रवासात गळण्याजोगं दुसरं पुष्कळ आहे.

वाघोबा खिंड

मनोरहून पालघरकडे वळलं की रस्ता रानातून चढायला लागतो. खिंडीत वाघोबाचं ठाणं आहे. जाणारी-येणारी वाहनं थांबतात, कोणी नारळ ठेवतं, कोणी नुसताच हॉर्न वाजवून पुढे जातं. आमच्याकडे डोंगरावर महादेव असतो आणि त्याच्याकडे आपण काहीबाही मागत बसतो. इथे वाघालाच देव केलाय आणि मागणं एकच, बाबा, आम्हाला खाऊ नको. मला हे जास्त पटलं.

गाडीत माझ्याकडे एक काम होतं. यांच्या चष्म्यातून रस्ता दिसला की मीटर दिसत नाहीत आणि मीटर दिसले की रस्ता दिसत नाही. म्हणून ते रस्ता बघायचे आणि मी मीटर वाचून दाखवायचे. यांच्या समोर वेगाचं मीटर, मधोमध इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारं, त्याच्या बाजूला पाण्याच्या उष्णतेचं. पहाटेपासून आमचा संवाद असा चालला होता :

"वेग?"

"पन्नास."

"तेल?"

"पन्नास."

"पाणी?"

"आपलं प्यायचं संपलंय. गाडीचं ठीक आहे."

खिंडीच्या चढाला त्यांनी विचारलं, "वेग?"

मी वाकून बघितलं. "एकशे दहा."

"काय?"

"एकशे दहा. आता एकशे वीस."

तेवढ्यात डोक्याइतका उंच गवताचा भारा मागे बांधलेला एक सायकलवाला, उभा राहून पायडल मारत, आम्हाला ओलांडून पुढे गेला. जाताना त्याने आमच्याकडे बघून मान हलवली. काटा थरथरत एकशे तीसला टेकला. मीटरच्या काचेला आतून घाम आल्यासारखं काहीतरी दिसत होतं आणि त्याच वेळी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर एक थेंब पडला. मग दुसरा.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी मिरजेत बत्तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. माणसाच्या अंगातून निघणारा कोणताही द्रव बाटलीतून माझ्यासमोर आला नाही असं नाही. थेंब पडला की आधी तो कशाचा ते बघायचं, ओरडायचं नंतर, ही माझी सवय. मी पांढऱ्या रुमालावर थेंब टिपला. दाट, मधासारखा पिवळा, कडेला थोडा काळपट. बोटांत चोळला, बुळबुळीत. वास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. सडलेल्या कांद्यांचं पोतं उघडल्यासारखा.

"पाणी नाही," मी म्हणाले. "ब्रेकचं तेलही नाही, ते पातळ असतं. हे गिअरबॉक्सचं तेल आहे. तुम्ही ते भरलंत तेव्हा आपलं घर चार दिवस असंच वास मारत होतं."

विनायकराव हसले. पहिल्या बाकावरचा विद्यार्थी चुकला की हसत असत तसे. "मंदा, गिअरबॉक्स खाली आहे. मीटर वर आहे. तेल खालून वर चढत नाही."

"मग हे काय आहे?"

"इंजिन ऑइलचा शिंतोडा असेल. तेलाच्या दाबाच्या मीटरला इंजिनातून बारीक नळी येते. पण ती गळणं शक्य नाही. ती मी स्वतः बसवलीय."

 पुढे माहीमपर्यंत मी मोठ्याने वेग वाचत राहिले. पालघरच्या भाजीबाजारात, एका म्हशीच्या मागे थांबलो असताना, आम्ही चाळीसच्या वेगाने जात होतो.

माहीम

भालूभाऊजींची वाडी म्हणजे हिरवा काळोख. सुपाऱ्या, केळी, आणि मधल्या गारव्यात मांडवावर चढवलेल्या पानवेली. आमच्याकडे ऊस कापतात तेव्हा गावभर ओरडा असतो. इथे पानं खुडतात तर नखाचा आवाजसुद्धा होत नाही.

भालूभाऊजी धावत आले. डोक्यावर केस मोजकेच राहिलेले, पण सगळे काळे केलेले. गाडीभोवती त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या.

"वहिनी, कशी हाय हो गाडी! सुमन खुळी होणार बघून!"

"गळतेय," मी म्हणाले.

"गळत नाहीये," हे म्हणाले.

भाऊजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा यांच्याकडे, आणि म्हणाले, "आधी जेवून घ्या."

जेवायला बोंबलाचं भुजणं होतं, हिरव्या वाटणातलं, आणि पांढरीशुभ्र तांदळाची भाकरी. मी जन्मभर ज्वारीची भाकरी थापली. ही भाकरी हातात घेतली तर रुमालासारखी घडी होते. विनायकरावांनी सहा बोंबील खाल्ले आणि सातव्याचा काटा काढता काढता म्हणाले, "उद्या सकाळी बोईसरला जाऊ, नवरीला गाडी दाखवून आणू. म्हणजे परवा लग्नाच्या दिवशी गडबड नको."

मी म्हणाले, आधी गळती बघा. ते म्हणाले, "मॅन्युअलमध्ये अशा गळतीचा उल्लेख नाही."

उमरोळीच्या अलीकडे

सकाळी पालघर सोडून बोईसरच्या रस्त्याला लागलो. वेगाचा काटा आता एकशे चाळीसच्या पुढे, जिथे आकडेच संपतात तिथे जाऊन बसला होता. त्यामुळे मी वेग वाचणं सोडलं होतं.

"तेल?" यांनी विचारलं.

"वीस."

"काल पन्नास होतं."

"आता दहा." माझ्या पायावर टपटप सुरू झाली. हे थेंब काळे होते. "आता शून्य."

तेलाचा दाब शून्य म्हणजे काय हे अकरा वर्षं गाडीची बायको असल्यामुळे मलाही ठाऊक होतं. इंजिनाला तेल मिळत नसेल आणि आपण तसंच चालवत राहिलो, तर आतलं लोखंड लोखंडाला घासून कायमचं चिकटतं. विनायकरावांनी रस्त्याच्या मधोमध गाडी बंद केली. मागचा निळ्या पिंपांनी भरलेला टेम्पो करकचून थांबला आणि ड्रायव्हरने हिंदीत आमच्या घराण्याची चौकशी केली.

मी यांच्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक. स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच. "मंदा," ते हळू म्हणाले, "इंजिन गेलं असेल तर माझ्याच्याने पुन्हा अकरा वर्षं नाही होणार."

त्यावर हसावंसं वाटलं नाही. खिंडीपासून पहिल्यांदाच.

पाच मिनिटांत माणसं जमली. एका रिक्षावाल्याने खाली वाकून बघितलं आणि "पाणी गळतंय, रेडिएटर हाय," असं सांगितलं. कारखान्याचा निळा शर्ट घातलेला एक गृहस्थ म्हणाला, "नहीं नहीं, ब्रेक ऑइल है. अब ब्रेक नहीं लगेगा. आप लोग बच गए." तिसऱ्याने गाडी केवढ्याला देणार असं विचारलं. विनायकराव मॅन्युअल उघडून रस्त्यात उभे होते आणि पानं वाऱ्याने फडफडत होती.

शेवटी बोईसरला माणसं नेणाऱ्या एका छोट्या मॅजिक गाडीवाल्याने दोर टाकला. मॅजिकच्या मागच्या भागात सहा बायका बसल्या होत्या, आणि त्या दाराच्या मोकळ्या जागेतून थेट आमच्याकडे बघत होत्या. दोर हातभर, त्यामुळे आम्ही जवळजवळ त्यांच्या पंक्तीलाच बसलो होतो. मांडीवर शेंगांची पाटी घेतलेली एक बाई बराच वेळ मला निरखत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"मावशी," तिने हाक मारली, "इकडं येऊन बस ना. जागा हाय."

बोईसर

बोईसरमध्ये पाऊल टाकलं की कान बदलावे लागतात. चहावाला हिंदी, फळवाला हिंदी, पत्ता सांगणारा हिंदी, आणि पत्ता विचारणाराही मराठीच असून हिंदी. नवरीची इमारत एका कॉलनीत होती. मॅजिकने आम्हाला फाटकाशी सोडलं तेव्हा गॅलऱ्यांतून माणसं खाली बघायला लागली.

सुमनताई स्वतः खाली आल्या. बारीक, ताठ, पांढरे केस आखूड कापलेले. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओली मेंदी, आणि हात असे वर धरलेले की जणू कोणीतरी बंदूक रोखलीय.

"हीच का ती?" त्या म्हणाल्या. "सुंदर आहे. काय होतंय तिला?"

विनायकराव ओशाळून म्हणाले, "काही नाही, किरकोळ. तुम्ही काळजी करू नका. नवरीने कशाला..."

"मी जळगावहून इथे आले ती कारखान्यात नोकरीला," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात काढली. प्रेशरची, तापमानाची मीटरं, हेच काम. कुठलं मीटर खरं बोलतंय आणि कुठलं थापा मारतंय, ते शोधायचं. सांगा, काय होतंय?"

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण मेंदी ओली होती. मी रुमाल काढला आणि कालपासूनचा सगळा इतिहास सांगितला, तारीखवार, पेशंटचा सांगावा तसा. पहिला थेंब पिवळा, उग्र वासाचा. आजचा काळा, बिनवासाचा. वेगाचं मीटर वर, तेलाचं मीटर शून्य.

"मी म्हणते गिअरबॉक्सचं. हे म्हणतात इंजिनचं."

सुमनताईंनी वाकून रुमाल हुंगला. "दोघंही बरोबर असाल तर?"

हे मला आधीच सुचायला हवं होतं. एका रोग्याला दोन आजार असतात, आणि दोन नमुने एका बाटलीत पडले की रिपोर्ट चुकतो, हे मी बत्तीस वर्षं नवीन मुलींना शिकवत आले. आणि गाडीच्या बाबतीत एकाच रुमालावर सगळं टिपत बसले होते!

"नमुने वेगळे घेऊ," मी म्हणाले.

"कापूस!" सुमनताई गॅलरीकडे बघून ओरडल्या.

वरून कापसाचा पुडा खाली आला. त्याच्या मागोमाग, कोणी मागितला नसताना, टाल्कम पावडरचा डबा. पण तो कामाला आला. सुमनताई हात वर धरून दाराशी उभ्या राहिल्या आणि मी पदर खोचून, पाय बाहेर आणि डोकं आत, अशी डॅशबोर्डखाली शिरले. त्या सांगतील तसं मी आधी सगळं पुसून कोरडं केलं. मग ब्रेकच्या आणि पाण्याच्या नळ्यांवर पावडर उडवली. गळत असतील तर पावडरीत ओला ओघळ उठणार. तेलाच्या मीटरला मागून नळी लागते तिथे एक कापसाचा बोळा बांधला, आणि वेगाच्या मीटरला मागून जाड केबल लागते तिथे दुसरा.

"आता आधी इंजिन चालू करा," त्या यांना म्हणाल्या. "घाबरू नका, अर्धा मिनिट. गाडी हलवू नका."

"पण दाब शून्य..."

"तेलाची पट्टी बघितलीत?"

बघितली होती. इंजिनात तेल पुरेसं होतं. हे श्वास रोखून आत बसले, किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं, अगदी नेहमीसारखं, कुठे खडखड नाही. आणि माझ्या नाकासमोर पहिला बोळा काळा होत गेला.

"काळं! पहिला काळा!" मी आतून ओरडले. "दुसरा कोरडा! पावडर कोरडी!"

"बंद करा. इंजिन ठणठणीत आहे. नळीच्या तोंडाशी तेल बाहेर पडतंय, म्हणून मीटरपर्यंत दाब पोचत नाही. मीटर खोटं बोलतंय बिचारं."

विनायकराव स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. मला वाटलं रडतायत. हसत होते.

"आता दुसरा," सुमनताई म्हणाल्या. "ही केबल चाकं फिरली की फिरते. इंजिन नको. ढकला."

कॉलनीतली चार माणसं, एक इस्त्रीवाला आणि मेंदी काढणारी बाई, असे सगळे मिळून गाडी ढकलायला लागले. मी आतच होते, पाय बाहेर लोंबकळत. इमारतीला आम्ही तीन फेऱ्या मारल्या. गॅलऱ्यांतून टाळ्या वाजत होत्या. इंजिन बंद, सहा माणसं धापा टाकतायत, आणि विनायकराव काट्याकडे बघून मोठ्याने म्हणत होते, "नव्वद! शंभर! एकशे दहा!"

तिसऱ्या फेरीला दुसरा बोळा पिवळा झाला आणि कांद्याचा वास सुटला.

"पिवळं!" मी ओरडले.

"पण तेल वर चढतं कसं?" यांचा आवाज आता वादाचा नव्हता.

"केबलच्या आत तारेचा पीळ असतो ना," सुमनताई म्हणाल्या. "खाली गिअरबॉक्सपाशी तिला एक रबरी सील असतं. ते झिजलं की तेल पिळात शिरतं, आणि तार फिरते तसं एकेक आटा वर सरकतं. स्क्रूवर नट चढतो तसं. वर मीटरमध्ये तेल भरलं की काटा त्यात ओढला जातो. म्हणून उभ्या गाडीला चाळीस."

विनायकरावांनी मॅन्युअल उघडलं, पहिल्या दोषाचं पान काढलं, आणि तिथेच थांबले. तेलाच्या नळीच्या चित्रात तांब्याचा एक छोटा वॉशर दाखवला होता. त्याच्यापुढे पेन्सिलीची खूण नव्हती. अकरा वर्षांतली ती एकमेव न केलेली खूण.

"मी तो घातलाच नाही," ते म्हणाले. आणि मग, चार माणसांत, "मंदा, माझं चुकलं."

लग्नाला अडतीस वर्षं झाली. मी सुमनताईंना म्हणाले, "ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार."

सील मिळालं ते बोईसरच्याच एका दुकानात. कारखान्यांच्या पंपांचं सामान विकणाऱ्या. विनायकरावांनी झिजलेलं सील काउंटरवर ठेवलं.

"कौन सा पंप?" दुकानदाराने विचारलं.

"पंप नहीं. स्पोर्ट्स कार."

"हाँ, लेकिन पंप कौन सा?"

"इंग्लंड की गाडी है!"

दुकानदाराने आतला-बाहेरचा व्यास मोजला, मागच्या खोक्यातून तंतोतंत तसंच सील काढलं आणि कागदात गुंडाळत म्हणाला, "साबुन वाली कंपनी का पंप है. अच्छा चलता है."

दांडी

तांब्याचा वॉशर मात्र कुठे मिळेना. सुमनताई कंपनीत असताना दांडीचे एक तांडेलकाका बोटीच्या इंजिनांची मीटरं तपासून घ्यायला यायचे, त्यांच्याकडे त्यांनी आम्हाला रिक्षाने पाठवलं.

दांडी म्हणजे तारापूरच्या किनाऱ्यावरचं कोळीवाड्याचं गाव. किनारा लागला आणि आधी बोंबीलच दिसले. काठ्यांच्या उभ्या मांडवांवर ओळीने जोडीजोडीने लटकवलेले, वाऱ्यात हलणारे. आमच्याकडे द्राक्षं अशी सुकत घालतात. विनायकरावांनी नाकाला रुमाल लावला, आणि मग तो कुठला रुमाल ते लक्षात येऊन पटकन काढला.

तांडेलकाका सत्तरीचे, उघडे, एका होडीच्या इंजिनात दंडापर्यंत हात घालून बसलेले. त्यांनी आमची सगळी कथा ऐकली. नळीचा नट हातात घेऊन फिरवला.

"वायसर नाय घातला?"

"विसरलो," हे म्हणाले.

"आमी इसरलो तर परत येत नाय," काका म्हणाले. टोमणा नव्हता, नुसतं सांगितलं.

त्यांनी पत्र्याच्या डब्यातून एक जुना तांब्याचा वॉशर शोधून काढला. मग चुलीतला निखारा फुंकून त्यावर तो ठेवला. लाल झाल्यावर चिमट्याने उचलून बादलीतल्या पाण्यात टाकला. चर्र झालं.

"तांबा कडक झाला की बसत नाय. तापवून बुडवला का नरम होते. आता आवळ, बरोबर बसेल. पण लय आवळू नको. तुमी शिकलेली मानसं लय आवळता."

काकूंनी आम्हाला बसवून कोरा चहा दिला, आणि निघताना वाळल्या बोंबलाची एक जुडी. मी नको नको म्हणत घेतली. ती आम्ही गाडीत ठेवली हा आमचा तिसरा दोष, पण त्याचं निदान करायला लॅबची गरज नव्हती.

संध्याकाळी कॉलनीत विनायकरावांनी सील बसवलं, वॉशर घातला, नट आवळला. लय नाही. इंजिन चालू केलं. तेलाचं मीटर उठून पन्नासवर उभं राहिलं. बोळे कोरडे. वेगाच्या मीटरात शिरलेलं तेल काढायला ते पूर्ण उघडावं लागलं असतं, त्याला वेळ नव्हता. तो काटा तसाच राहिला, खोटारडा.

पुन्हा माहीम

लग्नाच्या सकाळी गाडीला झेंडूची माळ घालून आम्ही कॉलनीत उभे होतो. विनायकराव सिल्कच्या झब्ब्यात, खांद्यावर जरीचं उपरणं. सुमनताई खाली आल्या. मोरपिशी पैठणी, केसांत अबोलीचा गजरा, मेंदी सुरेख रंगलेली. गाडीपाशी येऊन त्यांनी डावं दार उघडलं नाही. उजव्या दारापाशी उभ्या राहिल्या.

"प्रोफेसर," त्या म्हणाल्या, "मी चालवू?"

 माझ्या डोळ्यांसमोरून बॉनेटवरचा तो कप गेला. मी जमिनीकडे बघत होते. बोलले असते तर बिघडलं असतं.

"कंपनीची जीप चालवायचे मी," त्या म्हणाल्या. "बघा. नाही म्हणालात तरी चालेल."

यांनी झब्ब्याच्या खिशातून किल्ली काढली. एकदा उपरण्याने पुसली. दिली.

"क्लच जरा वर धरतो," एवढंच म्हणाले. आणि पाहुण्यांच्या टेम्पोत, खुर्च्यांच्या चळतीवर जाऊन बसले.

मी नवरीच्या शेजारी बसले, कारण मीटर वाचायला कोणीतरी हवं होतं. उमरोळी गेलं, पालघर गेलं. सुमनताई गाडी अशी चालवत होत्या की मला माझ्या नवऱ्याची कीव आली. माहीमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं आली, वारा गार झाला, त्यांचा गजरा सुटून मागे उडून गेला. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

"वेग?" त्या ओरडल्या.

"एकशे चाळीस!"

"खरा?"

"खरा तीस असेल!"

"एकशे चाळीसच सांगा!"

वाडीच्या दाराशी मांडव, बँड, माणसं. सगळ्यांच्या पुढे भालूभाऊजी फेटा बांधून, दोन्ही हातांत हार धरून उभे. आम्ही जवळ आलो. त्यांनी हार उंच केला. सुमनताईंनी त्यांच्याकडे बघून हसून हात हलवला आणि गाडी तशीच पुढे काढली. मी मागे वळून बघितलं तेव्हा हार अजून वरच होता.

"सुमनताई, मांडव मागे राहिला!"

"माहितीय हो. समुद्रापर्यंत जाऊन येऊ. पुन्हा कधी प्रोफेसर देतील?"

सुरूच्या झाडांपर्यंत गेलो, वाळू लागली तिथे वळलो, समोर भरतीचं पाणी चकाकत होतं. त्या दोन मिनिटं नुसत्या बघत बसल्या, इंजिन चालू ठेवून. मग म्हणाल्या, "चला. नाहीतर भालचंद्र दुसरी बघेल."

परत आलो तेव्हा टेम्पोही पोचला होता. गाडी थांबताच विनायकराव गर्दीतून वाट काढत आले. नवरीकडे नाही, माझ्याकडे नाही. थेट दार उघडून, गुडघे टेकून, डोकं डॅशबोर्डखाली घातलं. मागे भटजी, भालूभाऊजी हारासकट, मुठीत अक्षता धरलेले दीडेकशे पाहुणे, सगळे यांच्या सिल्कच्या पाठीकडे बघत राहिले. आतून उपरण्याने पुसल्याचा आवाज येत होता. 

मग ते बाहेर आले. उपरणं दोन्ही हातांनी उंच धरलं आणि आयुष्यात वर्गातसुद्धा कधी ओरडले नसतील असे ओरडले, "कोरडं आहे!"

बँडवाल्याला वाटलं मुहूर्त झाला. त्याने जोरात वाजवायला सुरुवात केली. बँड वाजला म्हणताना पाहुण्यांनी अक्षता टाकल्या. दीडशे मुठी अक्षता विनायकरावांच्या डोक्यावर, खांद्यावर, उघड्या गाडीच्या सीटवर. भटजी हात हलवून थांबा थांबा म्हणत होते, पण बँडपुढे कोणाला ऐकू येणार?

गोंधळ शांत झाल्यावर भटजींनी विचारलं, अक्षता उरल्यात का कोणाकडे. कोणाकडेच नव्हत्या. शेवटी भालूभाऊजींची बहीण आत गेली आणि तांदळाचा डबा घेऊन आली. तोवर नवरा-नवरी गाडीला टेकून उभे राहिले, आणि मी माझ्या नवऱ्याच्या केसांतले तांदूळ वेचत बसले.